ताई-दादा गटासाठी सरकारी पैसा कसा मागायचा: कोकणातल्या मंडळांसाठी

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी पेपरात तीच बातमी येते, कोकण बोर्ड राज्यात पहिलं. २०१२ साली रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून वेगळं बोर्ड झालं तेव्हापासून हे जवळजवळ ठरलेलंच आहे आणि आम्हाला त्याचा अभिमानही आहे. पण त्याच संध्याकाळी वाडीतला ऐंशी टक्केवाला पोरगा अंगणात येऊन विचारतो, दादा आता पुढे काय करू? घरात सांगणारं कोणी नसतं, बाप बोटीवर, काका मुंबईला, आई म्हणते तुला काय जमेल ते कर रे बाबा. मग तो मित्र जिथे जातो तिथे ॲडमिशन घेतो आणि वर्षभरात सोडून परत येतो. अशी चार पोरं लागोपाठ बघितली आणि आम्ही वाडीतल्या सहा शिकलेल्या ताई-दादांनी मिळून गट सुरू केला. एका मोठ्याकडे चार-पाच मुलं, दर रविवारी दोन तास, अभ्यास कमी आणि बोलणं जास्त. शहरात याला मेंटॉरिंग म्हणतात, आमच्याकडे ताई-दादा गट.

दोन वर्षं खिशातून चालवलं, मग पैसे कमी पडायला लागले आणि सरकारी दारं ठोठवायला सुरुवात केली. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय, कारण आमच्यासारखी मंडळं किनाऱ्यावर गावोगाव आहेत आणि सगळी तीच चूक करतात जी आम्ही केली.

चूक काय, तर आम्ही एका कागदावर लिहिलं "युवक मार्गदर्शन उपक्रमासाठी रु. १,२२,००० अनुदान मिळावे" आणि एका ऑफिसात देऊन आलो. तीन महिन्यांनी उत्तर आलं की सदर बाबीसाठी लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशोबातलं खर्चाचं ठरलेलं हेड, उपलब्ध नाही. तेव्हा खूप राग आला होता, पण तिथल्या एका क्लार्क मॅडमनी बाहेर येऊन जे सांगितलं त्यावरच आमचं पुढचं सगळं काम उभं राहिलं. त्या म्हणाल्या, भाऊ, सरकार कामाला पैसे देत नाही, हेडला देतं, तुमचं काम कितीही चांगलं असलं तरी ते ज्या हेडमध्ये बसेल तेवढेच पैसे सुटणार. मेंटॉरिंग नावाचं हेड आम्हाला कुठल्याच ऑफिसात सापडलं नाही. पण मेंटॉरिंगमध्ये जे जे लागतं त्या प्रत्येकाला कुठे ना कुठे हेड आहे.

म्हणून पहिलं काम अर्ज लिहायचं नाही, खर्च फोडायचं. आमचा हिशोब सांगतो, तुमचा वेगळा असेल. पंचवीस मुलं, सहा ताई-दादा, वर्षात साधारण चाळीस रविवार. खोलीची दुरुस्ती, दोन कपाटं, फळा आणि प्रिंटर मिळून ४५,०००. पुस्तकं-वह्या १२,०००. ताई-दादांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण १५,०००. मुलांना कॉलेजं दाखवायला एक बस, म्हणजे दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, दोन्ही दिवसांचे मिळून २०,०००. चहा-नाश्ता १८,०००. ताई-दादांचा येण्याजाण्याचा खर्च १२,०००. बेरीज तेवढीच, १,२२,०००, पण आता हे सहा तुकडे आहेत आणि सहाही तुकड्यांची दारं वेगळी आहेत. प्रवासाच्या तुकड्यात एक गोष्ट बघा, एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे आणि बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट आहे, त्यामुळे ताईंचा प्रवास पूर्ण तिकिटाने लावू नका, तपासणारा माणूस तिथेच पकडतो आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

आता दारं. सगळ्यात जवळचं ग्रामपंचायत, आणि बहुतेक लोक तिथे जातच नाहीत, थेट आमदाराकडे जातात. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी वगैरे जे जमतं त्यातून, १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेच लागतात. समजा तुमच्या पंचायतीचं स्वउत्पन्न चार लाख आहे, तर १० टक्क्यांचे ४०,००० झाले. त्यात अंगणवाडीचंही काही येतं, सगळे तुम्हाला मिळणार नाहीत, पण मुलींच्या गटासाठी दहा-बारा हजार मागणं अजिबात जास्त नाही. बऱ्याच ठिकाणी हे पैसे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भांडी नाहीतर खुर्च्या घेऊन संपवतात, कारण कोणी वेळेवर मागितलेलेच नसतात.

दुसरा पैसा वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणारा. पंधराव्या वित्त आयोगात २०२१ ते २०२६ या वर्षांत ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता आणि ४० टक्के अबंधित. हा अबंधित निधी पगार आणि आस्थापनेवर चालत नाही, पण राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांवर चालतो, आणि त्यात शिक्षण, ग्रंथालय, महिला व बालविकास हे सगळं येतं. म्हणजे कपाट, फळा, पुस्तकं बसतात, दादाचं मानधन बसत नाही. आता नवीन आयोगाचं चक्र सुरू होतंय तर तुमच्या ग्रामसेवकांना, म्हणजे आता ज्यांना कागदोपत्री ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांना, चालू वर्षाच्या सूचना काय आहेत ते आधी विचारून घ्या आणि मगच आकडा लिहा.

पण हे सगळं ग्रामपंचायत विकास आराखड्यात आलं तरच. आराखड्यात नाव नाही तर सरपंच तुमचा सख्खा मामा असला तरी पैसे काढता येत नाहीत. आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून धरा. आराखड्यात नऊ विषय ठरलेले आहेत, त्यातला एक "बालस्नेही गाव", आपलं काम तिथे बसवायचं. ग्रामसभेआधी बालसभा घ्यायला सांगा आणि मुलांनाच बोलू द्या. आमच्याकडे नववीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली की मला नर्सिंगला जायचंय पण फॉर्म कसा भरायचा ते गावात कोणालाच माहीत नाही. सगळी सभा शांत झाली, आणि ठराव तिथेच झाला, आमच्या दोन पानी अर्जाने जे झालं नव्हतं ते तिच्या एका वाक्याने झालं.

ग्रामसभेची गणपूर्ती हा कोकणात वेगळाच प्रश्न आहे. १५ टक्के मतदार किंवा १०० यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात, आणि आपल्याकडे निम्मी घरं कुलूपबंद. गणपतीला आणि शिमग्याला गाव भरतं पण सभा तेव्हा नसते. म्हणून आदल्या दिवशी वाडीवाडीत फिरून बायकांना सांगा, बचतगटाच्या ताईंना सांगा, त्या आल्या की गणपूर्ती होते. ठराव लिहिताना "युवकांना मदत करणे" असं मोघम नको. किती मुलं, कोणत्या वयाची, कुठली खोली, कुठला निधी, किती रुपये, सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं लिहून घ्या आणि ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात मागा. पुढच्या प्रत्येक दारावर ही नक्कल लागते. कोणी म्हणालंच की पंचायतीला हे करता येत नाही, तर ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ४५ आणि त्याला जोडलेली ग्रामसूची नम्रपणे दाखवा, शिक्षणाची कामं त्यात आहेत.

जिल्हा परिषदेत सेस फंड असतो, तिचं स्वतःचं उत्पन्न, आणि तिथेही महिला व बालकल्याणचे १० टक्के, समाजकल्याणचे २० टक्के वेगळे. महिला बालकल्याणच्या यादीत मुलींचं संगणक प्रशिक्षण, स्वसंरक्षण, समुपदेशन असे विषय असतात, त्यामुळे तुमच्या गटातल्या मुलींसाठी जे शिबिर आहे त्याला "मार्गदर्शन" न म्हणता "समुपदेशन व प्रशिक्षण" म्हणा. हे खोटं नाही, काम तेच आहे, फक्त त्यांच्या यादीतल्या शब्दाला जुळवायचं. अर्ज पंचायत समितीतून गटविकास अधिकाऱ्यांच्या शिफारशीने वर जाऊ दे, थेट जिल्ह्याला, म्हणजे रत्नागिरीला किंवा सिंधुदुर्गात ओरोसला नेऊन दिलात तर तो परत खालीच येतो शेऱ्यासाठी, आणि त्यात दोन महिने जातात.

जिल्हा नियोजन समितीचं दार मोठं आहे पण तिथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते. पालकमंत्री अध्यक्ष, कलेक्टर सदस्य सचिव, आणि पैसा नेहमी एखाद्या सरकारी खात्याला जातो, मंडळाच्या खात्यावर थेट येत नाही. नावीन्यपूर्ण योजनांसाठी जिल्ह्याच्या आराखड्यात थोडा हिस्सा बाजूला ठेवलेला असतो, आपलं काम तिथे जाऊ शकतं, पण अंमलबजावणी यंत्रणा कोण ते आधी ठरवावं लागतं. शिक्षण विभाग, महिला बालविकास किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी, यातल्या एका साहेबांनी "हो, हे आमच्यामार्फत करू" म्हटल्याशिवाय प्रस्ताव पुढे सरकत नाही. एका गावासाठी हे करूच नका, पाच-सहा गावांनी मिळून एक प्रस्ताव केला तरच त्यांना तो जिल्ह्याचा वाटतो.

आमदार-खासदार निधीबद्दल सरळ सांगतो. खासदार निधी वर्षाला पाच कोटी, आणि तो टिकाऊ सामुदायिक मालमत्तेसाठी आहे, आमदार निधीचाही भर तिकडेच. म्हणजे अभ्यासिकेची खोली होईल, पण त्या खोलीत बसून मुलांशी बोलणाऱ्या ताईचं एसटीचं तिकीट त्यातून निघणार नाही. किनाऱ्यावर कितीतरी अभ्यासिका मी बघितल्यात, नवीन टाईल्स, लोखंडी कपाट आणि दाराला कुलूप. भिंतीला पैसा पटकन मिळतो आणि माणसाला मिळत नाही, हे मला मनापासून खुपतं. म्हणून खोली आधीच असेल, शाळेची, देवळाच्या बाजूची, वाचनालयाची, तर भिंती मागण्यात एक वर्ष घालवू नका.

केंद्राकडून नेहरू युवा केंद्राचं काम आता मेरा युवा भारत या नावाने चालतं, ३१ ऑक्टोबर २०२३ ला ते सुरू झालं, पोर्टलवर १५ ते २९ वयाच्या मुलांची नोंदणी होते. तिथून वर्षभराचा गट चालवायला पैसे मागू नका, एकेक कार्यक्रम मागा, शिबिर, प्रशिक्षण, व्याख्यान. आमचं दोन दिवसांचं ताई-दादा प्रशिक्षण तिथे बसलं. जिल्हा ऑफिसात जाऊन एकदा प्रत्यक्ष भेटा, वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे तालुकावार कार्यक्रमांचं टार्गेट असतं आणि लांबच्या किनारपट्टीच्या गावात कोण घेणार हा त्यांचाही प्रश्न असतो.

तुमच्या गटात कातकरी आदिवासी मुलं असतील तर पेणचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय विसरू नका, रत्नागिरी-सिंधुदुर्गही त्याच्याच हद्दीत येतात. तिथे न्यूक्लिअस बजेट म्हणून एक सोय आहे, स्थानिक गरजेच्या छोट्या गोष्टींसाठी. वीटभट्टीवर गेलेल्या घरातली मुलं रविवारी कशी येणार हा वेगळा विचार करावा लागतो, तो प्रस्तावात लिहा, तिथले अधिकारी हे समजून घेतात असा माझा अनुभव आहे.

आणि जे पैशाच्या रूपात येत नाही तेही मोजा, कारण तोसुद्धा सरकारी खर्चच आहे, फक्त तुमच्या कॅशबुकातून जात नाही. ग्रामीण रुग्णालयात मैत्री क्लिनिक असतं, १० ते १९ वयाच्या मुलांसाठी, तिथल्या समुपदेशकांना महिन्यातून एकदा बोलवा, पाळी, व्यसन, मनावरचा ताण यावर त्या जे बोलतात ते आपल्याला जमत नाही. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेतल्या कॉलेज मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, जवळच्या कॉलेजच्या कार्यक्रम अधिकारी सरांना पत्र द्या, चार नवीन दादा-ताई मिळतील. सरकारी शाळेत जाऊन शिकवायचं असेल तर विद्यांजली पोर्टलवर नाव नोंदवा, म्हणजे मुख्याध्यापकांनाही परवानगीची भीती राहत नाही. अनुदानित वाचनालय गावात असेल तर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं त्यांच्या यादीतून घ्यायला सांगा, आमचे १२,००० मधले निम्मे असेच वाचले.

कागदपत्रांचं थोडक्यात. मंडळ १८६० च्या सोसायटी कायद्याखाली, कमीत कमी सात जण, आणि १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय ऑफिसात नोंदलेलं असावं, मंडळाच्या नावाचं पॅन आणि बँक खातं, तीन वर्षांचे ऑडिट, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेची नोंदणी केली की मिळतो तो नंबर. आपल्याकडचा घोळ असा की गावाचं मंडळ मुंबईत नोंदलेलं असतं, पत्ता लालबाग नाहीतर वरळीच्या चाळीतला, अध्यक्ष पंधरा वर्षांपूर्वीचे आणि कमिटी बदलाचा अर्ज कोणी केलेलाच नाही. तो बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. हे निस्तरायला वेळ लागतो, तोपर्यंत थांबू नका, काम शाळा व्यवस्थापन समितीच्या किंवा बचतगटांच्या ग्रामसंघाच्या नावावर मागा. सरकारी पैशाचं आमचं पहिलं वर्ष असंच गेलं, ग्रामसंघाच्या ताईंनी खातं दिलं म्हणून गट टिकला.

प्रस्ताव दीड पानाचा, मराठीत. सुरुवातीला गावातली खरी संख्या, आठवी ते बारावीची किती मुलं, गेल्या तीन वर्षांत किती जणांनी शिक्षण सोडलं, ही संख्या शाळेतून आणि घरोघर जाऊन स्वतः काढा. मग काय करणार, कोण करणार, वर्षाच्या शेवटी काय दाखवणार. "सर्वांगीण विकास" लिहू नका. "पंचवीसपैकी वीस मुलं वर्षभर टिकतील, बारावीच्या प्रत्येकाचा पुढचा फॉर्म वेळेत भरलेला असेल" असं लिहा, कारण हेच तुम्हाला हजेरीपटावरून सिद्ध करता येतं.

मुलांच्या सुरक्षेला पैसे कोणी देत नाही, तरी ते पहिल्या दिवसापासून करा आणि प्रस्तावात लिहा. प्रत्येक ताई-दादाचं पोलीस पडताळणी पत्र, पालकांची लेखी संमती, बंद खोलीत एक मोठा आणि एक मूल असं कधीच नाही, दार उघडं किंवा दुसरा मोठा माणूस सोबत. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, त्यात माहिती असून न कळवणं हाही गुन्हा आहे, हे सगळ्या ताई-दादांना प्रशिक्षणातच सांगा आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. ऑफिसला कार्यक्रमाचे फोटो लागतात, ते द्या, पण मुलांचे चेहरे आणि नावं व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

आता वेळेचं, कारण इथे सगळ्यात जास्त गडबड होते. सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च, आणि पैसा हातात येईपर्यंत दिवाळी उजाडते. आपलं वर्ष वेगळं आहे. मार्च ते मे आंबा, मुलं बागेत, कोणी येत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बोटीवर जाणारी सतरा-अठराची पोरं घरी असतात, बाहेर पाऊस, हातात वेळ, आणि नेमकी हीच ॲडमिशनची वेळ. खलाशी म्हणून गेलेल्या पोराला परत आयटीआयच्या फॉर्मकडे वळवायचं असेल तर हेच दोन महिने, आणि तेव्हा सरकारी खात्यात एक रुपया आलेला नसतो. यावर आम्ही काढलेला मार्ग असा, की वस्तू आणि पुस्तकं आदल्या वर्षीच्या मंजुरीतून मार्चपूर्वीच घेऊन ठेवायची, प्रशिक्षण आणि कॉलेज दौरा नोव्हेंबर-डिसेंबरला लावायचा जेव्हा पैसा आलेला असतो, आणि जून-जुलैचा चहा-नाश्ता आणि प्रवास लोकवर्गणीतून. चाकरमान्यांना गणपतीत नुसती वर्गणी मागितली तर शंभर रुपये देतात, पण "पावसाळ्यातल्या आठ रविवारांचा नाश्ता तुमच्याकडून" असं सांगितलं तर एकेक घर एकेक रविवार घेतं. आमचे १८,००० मधले जवळजवळ सगळे आता असेच येतात.

मंजुरीचं पत्र आलं की त्यातली तारीख आणि अटी मोठ्याने वाचा सगळ्यांसमोर. प्रशासकीय मान्यतेच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही, यात आमचे ४,८०० रुपये गेले. या पैशाचं कॅशबुक वेगळं ठेवा, प्रत्येक खर्चाला व्हाउचर, पाच हजारांवर रोख दिलेत तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. हप्त्यांमध्ये पैसा असेल तर पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच वापरले असा दाखला, दिल्याशिवाय दुसरा येत नाही, केंद्राचा निधी असेल तर ते १२-ए नमुन्यात. फेब्रुवारीतच हिशोब बंद करायला घ्या, ३१ मार्चला सीए पण भेटत नाही आणि ट्रेझरीत रांग असते, न वापरलेला पैसा परत जातो. निवडणुका जवळ असतील तर आचारसंहितेआधी मान्यता हातात घ्या.

अर्ज कुठेही दिला तरी दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच ऑफिसातून बाहेर पडा. मग पंधरा दिवसांनी तो नंबर घेऊन जा, टेबल विचारा, पुढे कोणाकडे गेला ते वहीत लिहा. दोन महिने काहीच हललं नाही तर माहिती अधिकारात फक्त एवढंच विचारा की आमच्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमच्याकडे ही वही बारावीतली दोन मुलं सांभाळतात, टेबल कुठलं, साहेब कोण, पुढची तारीख काय, सगळं तीच लिहितात, आणि पंचायत समितीत आता दोघंच जाऊन येतात.